चिंध्यांची जास्वंद

पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात मी विज्ञान शिकवते. फळ्यावर काढलेलं फूल मुलांच्या डोक्यात शिरत नाही, म्हणून त्या वर्षी नववीकडून सुपाएवढी जास्वंद करून घेतली. पाकळ्या जुन्या लाल लुगड्याच्या, मधली नळी पुठ्ठ्याची, तिच्यावर डिंकाने चिकटवलेली बाजरी म्हणजे परागकोश. शिवणकाम सगळं एकाच मुलीने केलं. आईबाप ऊसतोडीला गेले की ती आजीपाशी राहायची. आजी गोधड्या शिवायची, तिचा हात नातीच्या बोटांत उतरला होता.

टाका घालता घालता तिने विचारलं, "मॅडम, बी धरलं की पाकळ्या गळत्यात. मंग त्यांचं काम संपलं म्हनायचं का?"

वर्ग हसला. मला मात्र असं विचारणारं पोर क्वचितच भेटतं.

दिवाळीनंतर आजी वारली. दहाव्याला आईबाप उसाच्या फडावरून आले. मी घरी जाऊन म्हणाले, "दहावी होईपर्यंत माझ्याकडे राहू द्या तिला."

आई म्हणाली, "तुमी लई चांगल्या हायेत, पर वयात आलेली पोर दुसऱ्याच्या दारात कशी ठिवू?"

दुसऱ्या दिवशी जीपने ती त्यांच्यासोबत गेली.

एकदा बापाच्या मोबाईलवरून तिचा फोन आला. "मॅडम, उसाला तुरा आलाय. त्ये एकच फूल हाय का लई फुलं?"

"खूप बारीक बारीक फुलं असतात. जवळून बघ."

"बघते," म्हणाली. मागून कुणीतरी मोळ्या उचलायला हाक मारली. पुढे तो नंबर लागलाच नाही.

उन्हाळ्यात आईबाप परतले, ती नाही. तिकडेच तिचं लग्न उरकलं होतं. मी बालविवाहाची तक्रार केली, चौकशीला माणसं येऊन गेली. ती मात्र परत आली नाही.

यंदा पाथर्डीच्या स्टँडवर दिसली. कडेवर तान्हं बाळ. "काही वाचतेस का गं?" मी नको ते विचारून बसले.

"येळच न्हाई वो मॅडम," म्हणत तिने बाळ माझ्याकडे दिलं. त्याचं अंग तापलं होतं.

"दवाखान्यात दाखवलंस?"

"तिकडंच निघालोय."

तिच्या सासूने पुढून हाक मारली. बाळ घेऊन ती गर्दीत शिरली. माझी एसटी लागली होती. ती गाडी मी सोडून दिली.