आणले पुन्हा घरी

केडगावच्या आमच्या विहारात पावसाळ्यातल्या वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन असतं. ते वाचन आणि त्याआधीची वंदना कितीतरी वर्षं मीच घ्यायची. मी एक ओळ म्हणायची, मागून सगळे म्हणायचे. शाळेत पोरांना कविता शिकवून आवाज असा तयार झाला होता की विहाराला माईक घ्यावा लागला नाही. मध्येच पुस्तक मिटून मी समजावायचीसुद्धा, की सगळं बदलतं, काही धरून ठेवू नका. बोलायला माझं काय जात होतं!

गेल्या उन्हाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय लवकर सावरले, बोलणं गेलं. डोक्यात सगळं लख्ख, जिभेवर भलतंच. दवाखान्यात मला 'घरी' म्हणायचं होतं, तोंडातून आलं 'कात्री'. आमच्या ह्यांनी बिचाऱ्यांनी नर्सबाईंकडून खरंच कात्री मागून आणली. ती बघून मी ढसाढसा रडले. भेटायला आलेली एक बाई हात धरून म्हणाली, "मॅडम, सगळं बदलतं, तुम्हीच सांगता ना." हातात पेला असता तर फेकून मारला असता.

घरी आल्यावर एका सकाळी ह्यांच्या हातून दूध उतू गेलं आणि माझ्या तोंडून स्वच्छ निघालं, "डोळे फुटले का!" हे इतके खूश झाले की दुसऱ्या दिवशी मुद्दाम दूध उतू जाऊ दिलं. बोलायला शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई हे ऐकून हसल्या. म्हणाल्या, "राग आणि पाठांतर सहसा जात नाही. जे तोंडपाठ आहे ते चालीवर म्हणत राहा. पण शब्द अडला तर कुणी पुरवायचा नाही." तोंडपाठ म्हणजे वंदनाच. ह्यांनी मला विहारात नेऊन बसवलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मी अगदी मागे, चपलांजवळ बसले. वंदना आता आमच्या गल्लीत शिवणकाम करणारी शेजारीण घेत होती. पहिली ओळ निसटली, दुसरी अर्धी आली, सगळ्यांच्या मागून. पण आली! थोड्या दिवसांनी मात्र माझ्या लक्षात आलं की वंदना लांबतेय. शेजारीण ओळ म्हणून थांबायची, सगळे संथ म्हणायचे, मग पुन्हा थांबायची. माझं डोकं फिरलं. मला कुणाची दया नको होती. बाहेर पडताना तिचा दंड धरला. शब्द फुटेना, नुसतीच हातवारे करत राहिले.

"व्हय, तुमच्यासाठीच सावकाश घेतो," ती म्हणाली. "आमी शिकताना अडखळायचो तवा तुमी थांबायचा का न्हाई? आमाला कुठं घाई हाय?"

मी तिचा दंड सोडला. त्या रात्री मी शांत झोपले. सगळं बदलतं यात माझी ही मुकी दशाही आली, हे इतकी वर्षं सांगून माझ्याच कधी मनात आलं नव्हतं.

मग भाजी निवडताना वंदनेच्या चालीवर माझ्या स्वतःच्या दोन ओळी जुळल्या. ह्यांनी त्या लिहून घेतल्या. आश्विन पौर्णिमेला वर्षावासाची सांगता होती, आणि त्या ओळी उभं राहून म्हणायच्याच, असं मी ठरवलं. जमलं नसतं तर पुन्हा चार माणसांत तोंड उघडायचा धीर मला झाला नसता.

विहार भरला होता. मी म्हटलं, "सांडले गं माझे शब्द, उन्हातल्या वाटेवरी." सवयीने सगळे मागून म्हणाले. "वेचून एक एक, आणले पुन्हा..."

पुढे कोरं. 'कात्री' जिभेच्या टोकाशी आली. मी दात आवळले. समोर हे बसले होते. ओळ त्यांच्याच हातची, शब्द त्यांना ठाऊक, पण त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले होते. डोळे भरले होते. तेवढ्यात शेजारणीने वंदनेच्या संथ चालीत उचललं, "आणले पुन्हा..." सगळे म्हणाले, "आणले पुन्हा..." मी गप्प. सगळ्यांनी परत म्हटलं. कुणी चुळबुळ केली नाही, कुणी घड्याळ बघितलं नाही. पुन्हा म्हटलं, तेव्हा मी त्यांच्या आवाजात आवाज मिसळला आणि ओळीच्या शेवटी ते थांबले तरी माझा आवाज थांबला नाही.

"घरी."

"घरी," मागून सगळा विहार म्हणाला, आणि त्यात ह्यांचा बेसूर आवाज सगळ्यांत मोठा होता.