उमललेली शेवळं

आमच्या मीनलचं ठरत आलेलं लग्न एका फुलामुळे मोडलं.

(हारातल्या नव्हे. कुंडीतल्या.)

झालं असं, की थळ गावातल्या आमच्या अंगणातले क्रोटन उपटून मी देशी झाडं लावायचा ध्यास घेतला. फुलपाखरं यावीत, भुंगे यावेत, गेला बाजार एखादा बुलबुल तरी यावा! खिडकीखालच्या कुंडीत रानातून आणलेले शेवळ या रानभाजीचे कंद पुरले. मे सरता सरता जांभळट कोंब वर आले, आणि आमची सुमन विळी घेऊन हजर!

"सोडे घालून भाजी करते."

"हात लावायचा नाही! फुलू दे. किड्यांचाही हक्क आहे."

"अहो, शेवळं कुणी फुलू देतं का?"

"म्हणून तर संपत चाललीत!"

शेवळं उमलल्यावर काय होतं, हे मात्र दोघांनाही ठाऊक नव्हतं. आमच्या सात पिढ्यांनी ती उमलायच्या आतच खाल्ली होती.

शुक्रवारी घरात वास सुटला. मेलेल्या उंदराचा! आणि रविवारी बोलणी पक्की करायला पनवेलहून पाहुणे येणार! कपाटं सरकवली, माळा उपसला, मी तर चार कौलंसुद्धा उतरवली. उंदीर नाही. शेवटी दारात आलेल्या जनाबाईच्या मासळीची पाटी मी हुंगली.

"जनाबाई, हे बोंबील कधीचे?"

"माज्या म्हावऱ्याला वास? तुमच्याच घरान काय तरी मेलंय!" म्हणत तिने पाटी उचलली. ऐन रविवारच्या तोंडावर मासळी बंद!

रविवारी सुमनने अगरबत्तीचा पुडाच्या पुडा पेटवला. आता उंदराचं श्राद्ध घातल्यासारखा वास येऊ लागला. मुलाच्या वडिलांनी नाकाला रुमाल लावला.

"घरात... काही दुःखद घडलंय का?"

"छे, छे! चला, बाहेर मोकळ्या हवेत बसू. माझी बाग दाखवतो."

बाहेर येतो तर काय, तीन शेवळं टच्च उमललेली आणि त्यांवर माश्यांची जत्रा! मला भरून आलं.

"बघा, किती जीव आलेत! जवळून वास घ्या ना!"

(मेलेल्या उंदराचा वास या फुलांचाच होता; पण दोन दिवसांत माझं नाक केव्हाच मेलं होतं.)

ते बिचारे सभ्य गृहस्थ. वाकले. पुन्हा सरळ झालेच नाहीत. स्वतःच्या रेशमी कुर्त्यावर ओकून तिथेच मातीत बसले.

"ह्यांना काय हुंगायला दिलंत हो?" त्यांची बायको किंचाळली. मीनल आत पळाली आणि दार लावून रडत बसली.

मंगळवारी फोन आला. "पत्रिका जुळत नाही."

"पण पत्रिका पाहिल्याच नव्हत्या!"

"आता पाहायच्याही नाहीत."

मीनल माझ्याशी बोलत नाही. सुमन बोलते, ती बोलली नसती तर बरं, असं वाटतं. जनाबाई आमचं फाटक टाळून पुढे जाते, म्हणून रोज वरणभात. घरात मला जागा नाही, तेव्हा मी बाहेरच्या ओट्यावर झोपतो. डास तेवढे नेमाने येतात. कुणीतरी आपलं समजून येतं, म्हणून हल्ली मी त्यांना हाकलतसुद्धा नाही!