साहेबाचा राग, माहा माज

वरणाची वाटी माह्या मनगटावर येऊन फुटली. वरण आत्ताच गॅसवरून उतरवलेलं. सारा पंजा भाजला. साहेब ओरडला, "तुम्हा लोकांच्या हाताला चवच नाही! उचल ते!"

धंतोलीतला मोठा डॉक्टर. मी त्याच्या घरी सैपाकाले होती. त्याची गाडी फाटकात आली का घर मुकं होऊन जाये. मॅडम टीव्ही बंद करे, काचेचे पेले लपवे, अन् मले खुणावे, आज सांभाळून. कधी ताट भिंतीवर, कधी खुर्ची. एकदा मॅडमच्या कपाळाले टाके पडले. पाहुण्यायले सांगितलं, बाथरूममध्ये पाय घसरला. मले वाटे, एखाद दिवशी या घरातून मुडदाच निघन.

"त्यांना फार टेन्शन असतं गं," मॅडम म्हणे. अन् मी एकदा नुसतं "काहून ओरडता साहेब?" म्हटलं, तर हीच मॅडम म्हणाली, "माज आला का तुला?"

वा रे वा! त्याचं ते टेन्शन, माहा तो माज.

राग मलेही आहे, अन् साधा नाही. आज वाटी फुटली तेव्हा माह्या दुसऱ्या हातात तापलेली सांडशी होती. तो आणखी एक पाऊल पुढं आला असता, तर मी ती त्याच्या तोंडावर हाणली असती.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. दवाखान्याचा मालक.

"जी सर. नाही नाही, बोला ना सर. तुमचं जेवण झालं का?" आवाज कसा लोण्यासारखा! हसलासुद्धा. फोन ठेवला, माह्याकडे वळला, अन् पुन्हा तोच राक्षस. "ऐकू येत नाही? उचल!"

मी थंडच पडली. अरे, याले तर राग थांबवता येते! कोणावर सोडायचा, कोणासमोर गिळायचा, सारं समजते याले. अन् आम्ही बाया बीमारी समजून पेले लपवून राहिलो होतो.

मी सांडशी ओट्यावर ठेवली. गॅस बंद केला.

"साहेब, फेकलं तुम्ही. उचला तुम्ही."

टेबलापाशी उभी मॅडम रडायले लागली. "जाऊ दे गं, त्यांचा स्वभावच तसा आहे."

"मालकासमोर कुठं गेला होता स्वभाव?"

मी निघाली, तर तो दारापर्यंत अंगावर आला. या गल्लीत तुला काम मिळू देणार नाही, म्हणे. नोको देऊ.

मी घरी नाही गेली. मलम नाही लावलं, पदराखाली झाकलं नाही. फोड आलेला हात तसाच घेऊन पोलीस ठाण्यात बसून आहो. हवालदार म्हणते, मोठा माणूस आहे बाई, मिटवून घ्या.

मी उठत नाही. तक्रार लिहा.