फुलाची भांग, बियाची भांग

खिमुलीकाखीचा रक्तदाब मोजायला मी दर मंगळवारी धुराकोटची चढण चढते. काकूला आम्ही काखी म्हणतो. खरं सांगायचं तर तिचा रक्तदाब माझ्यापेक्षा चांगला आहे. मी खालच्या गावची आशा कार्यकर्ती, मला वहीत अंगठा हवा, आणि तिला आठवड्यातून एकदा भांडायला माणूस हवं. धुराकोटात अकरा घरं. दहांना कुलपं. अकराव्यात काखी, एक गाय आणि घरामागचं भांगेचं वावर.

भांग म्हटलं की खालच्या मैदानी मुलखातली माणसं डोळे मिचकावतात. आम्ही कुमाऊंतले लोक भांगेचं बी खातो. भाजून, मीठ-मिरची-लिंबू घालून वाटायचं, की मंडव्याच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकरीला दुसरं काही लागत नाही. देठाच्या सालीचे दोर वळतो. नशेचं म्हणाल तर माझ्या नवऱ्याला ती दुकानात मिळते, बाटलीतून.

नवी नवरी होते तेव्हा भांग कशी ओळखायची ते काखीनेच मला शिकवलं. "पानांकडे काय बघतेस बावळटासारखी? पानं सगळ्यांची सारखीच. पेराकडे बघ." श्रावण सरताना, फांदी फुटते तिथे, काही झाडांना बारीक मण्यांचे घोस लागतात. ती फुलाची भांग, म्हणजे नर. बाकीच्यांना दोन-दोन पांढरे केस येतात. ती बियाची. भाद्रपदात मणी उघडतात आणि नुसता वारा आला तरी पिवळी धूळ उडते. ती केसांवर बसली की केस तांबूस होऊन वाळतात आणि खाली दाणा धरतो. त्यानंतरच फुलाची झाडं दोरासाठी उपटायची. "आधी हात लावलास तर बी विसर," काखी दटावायची.

तिचं बी सासूच्या हातचं. टपोरं, करडं, दुधीच्या वाळक्या तुंब्यात जपलेलं. मुलगा दिवान दिल्लीत एका हॉटेलात तंदूर सांभाळतो. एरवी फोन काखीच लावते आणि तो "इजा, कामात आहे" म्हणून ठेवतो. आईला आम्ही इजा म्हणतो. वर्षातून एकदा मात्र, मार्गशीर्षात, तो आपणहून फोन करतो. "इजा, बी झालं का?" त्या एका फोनसाठी काखी वावर राखते, हे तिने मला कधी सांगितलं नाही. सांगायला कशाला हवं? मला दिसत होतंच.

गेल्याच्या गेल्या साली गारांनी पीक झोडपलं. तुंब्यात उरलं होतं तेवढं सगळं तिने गेल्या साली पेरलं. नेमका त्याच भाद्रपदात, चार वर्षांनी, दिवान पाच दिवसांसाठी घरी आला. काखीचे पाय जमिनीवर ठरेनात. तिसऱ्या दिवशी ती त्याच्यासाठी गूळ न्यायला खाली आली, म्हणून मीही तिच्याबरोबर वर गेले.

वावराच्या बांधावर हिरवा ढीग पडला होता. सगळी फुलाची भांग, मुळासकट. मणी अजून मिटलेले. साल इतकी कोवळी की दोरही होणार नव्हता.

दिवान घाम पुसत हसत होता. "इजा, आता तुला वाकायला नको. फोनवर नवशिक्यांसाठी व्हिडिओ असतात. नर उघडायच्या आत काढून टाकायचे, नाहीतर माद्या वाया जातात म्हणे. एकही सोडला नाही बघ."

"अरे शहाण्या," मी सुरू झाले, "त्या व्हिडिओवाल्यांना नशा हवी असते. आपल्याला..."

काखीने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की काळंनिळं पडलं. "शाबास रे बाळा," ती म्हणाली. "किती राबलास. चल, खीर करते."

तो गेला आणि वावरात पांढरे केस येतच राहिले. धूळ मिळाली नाही की ते वाळत नाहीत, रोज नवे फुटतात. काखी सकाळ-संध्याकाळ जाऊन बघायची.

"वाट बघतायत बिचाऱ्या," ती म्हणाली. "बघू दे. सवय होते."

मला रडू आलं. तिला नाही आलं.

तशी आमच्याकडे रानभांग उकिरड्यावरही उगवते, तिची धूळ मिळाली असती. पण काखी दरसाल दहा घरांची अंगणं आणि वाटा निंदून ठेवते. म्हणते, कुणी अचानक आलं तर काय म्हणेल, गावात माणूस नव्हतं का? दहा कसली, नऊच. काखीची थोरली जाऊ जसुली हल्द्वानीला राहायला गेली त्याआधी दोघींचं अक्रोडाच्या झाडावरून वाजलं होतं. त्या अंगणात पाय ठेवणार नाही, अशी काखीने वीस वर्षांपूर्वी शपथ घेतली होती.

कार्तिकात वावराच्या एकाच कोपऱ्यावर चिमण्या पडू लागल्या. आम्ही जाऊन पाहिलं. जसुलीच्या भिंतीलगतच्या ओळीत केस वाळले होते आणि दाणे भरले होते. भिंतीपलीकडे डोक्याएवढी रानभांग माजली होती.

"मेली, तिकडे राहूनही माझ्या वावरात नाक खुपसते," काखी म्हणाली, आणि तेव्हा कुठे ती रडली.

मूठभर बी निघालं. ते तुंब्यात गेलं. मार्गशीर्षात फोन आला. "इजा, बी झालं का?"

"झालं तर!"

मी बागेश्वरच्या बाजारातून बी आणलं, काखीने ते जुन्या लुगड्याच्या पिशवीत शिवलं आणि जीपवाल्याच्या हाती धाडलं. आठवड्याने पुन्हा फोन. एका वर्षात आपणहून दुसरा! माझ्यासमोरच आला.

"इजा, असं बी कधी खाल्लं नव्हतं! नर उपटले त्याचा गुण बघितलास?"

"तुझंच काम रे ते. पुढच्या भाद्रपदातही ये. माझ्याच्याने उपटवत नाही."

"बघतो, इजा."

तिने फोन ठेवला. "डोकं फिरलंय तुझं?" मी ओरडले. "सासूचं बी बुडवणार?"

"अर्धं जसुलीच्या अंगणात पेरीन. तिथे कशाला जातोय तो? अर्धं इथे. त्याला उपटायला."

आणि शपथ मोडून तिने ते अंगण एकटीने खणलं.

यंदा श्रावण सरला, घोस लागले. काखीने तूप साठवलं, अंथरूण उन्हात घातलं. मणी फुगले तेव्हा दिवानचा फोन लागला. सुट्टी नव्हती. तरी ती थांबली. मग एका मंगळवारी मी वर पोचले तर गाईच्या पाठीवर, उंबऱ्यावर, काखीच्या पदरावर पिवळी धूळ बसली होती.

"बस," ती म्हणाली. "मोज रक्तदाब."

मोजला. ठीक होता.

यंदा दोन्हीकडे बी भरपूर आलं.