खिशातली हळकुंडं

आमचा ओम चार वर्षांचा होईपर्यंत आम्ही एकाही लग्नात धड जेवलो नाही. बँड वाजला की तो स्वतःचाच हात चावायचा. माझी बायको सुनीता त्याला सोडून शेतात जाऊ शकत नव्हती. दार उघडं दिसलं की तो सडकेवर पळायचा. माझी माय म्हणायची, उशिरा बोलंल, काही पोरं बोलतेत उशिरा.

नांदेडच्या डॉक्टरांनी त्याच्या या वागण्याला नाव दिलं. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता. मेंदूची घडणच वेगळी. गोळीनं जाणारी नव्हे, शिकवल्यानं फरक पडणारी. मला ते पटलं नाही. रक्त घेतलं नाही, मशीनमध्ये घातलं नाही, नुसतं पोराला खेळताना बघितलं आणि आम्हाला प्रश्न विचारले. आमच्या घराण्यात कॉलेज शिकलेला मी पहिला. वाचल्याशिवाय कुठं सही करत नाही, मग एवढी गोष्ट अशीच कशी मानू? दुसऱ्या डॉक्टरकडं गेलो. त्यांनीही नुसतं बघितलंच. तुम्हालाही हाच संशय येईल, म्हणून सांगतो: ही तपासणी बघूनच होते.

पुढं दिव्यांग प्रमाणपत्राचा विषय निघाला. दिव्यांगत्व चाळीस टक्के किंवा जास्त लिहिलं तरच निराधार योजनेचं अनुदान. आणि गावच्या शाळेचे हेडमास्तर म्हणत होते, आधी कागद आणा. मला वाटलं, हे ओमला शाळेत घ्यायचं टाळायला बघतात.

तपासणीच्या दिवशी मायनं ओमला तेल लावून, नवा सदरा घालून तयार केलं. घरी हळद वाळत पडली की तो तासन् तास हळकुंडांच्या रांगा लावत बसतो. मायनं त्याचे दोन्ही खिसे हळकुंडांनी भरले. "चार लोकांत लेकरानं शोभून दिसावं," म्हणाली. प्रमाणपत्र देणाऱ्या बोर्डाच्या डॉक्टरांच्या टेबलावर त्यानं गुमान रांग लावली. ना ओरडला, ना पळाला. लिहून आलं: सौम्य. चाळीसच्या खाली.

बसस्टँडवर एका एजंटानं सकाळीच गाठलं होतं. "साहेबाशी बोलणं करून देतो, बराबर काम होतं." मी त्याला झटकलं होतं. आता मला खात्रीच झाली की सगळे मिळालेले आहेत.

त्यानंतर तालुक्याहून शाळेत येणाऱ्या विशेष शिक्षिका घरी आल्या. मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. त्यांनी एकच विचारलं, "बोर्डासमोर त्याच्या हातात काय होतं?"

मी सांगितलं. त्या हसल्या.

"मग डॉक्टरांनी ओमला कुठं बघितलं? त्यांनी तर तुमची हळद बघितली."

फेरतपासणीचा अर्ज करा, म्हणाल्या, आणि त्याच्या रोजच्या दिवसाचा व्हिडिओ मोबाइलवर काढून न्या. यात तुमचा काय फायदा, असं मी तोंडावर विचारलं. "तो वर्गात टिकला तर माझं काम सोपं होईल," म्हणाल्या. तरी अर्ज मी दोनदा वाचला.

दुसऱ्या वेळी खिसे रिकामे ठेवले. माय रुसून बसली. "त्याला येडं ठरवायला चालले काहून?" तिला घरीच ठेवलं. बोर्डाच्या खोलीत पंखा घरघरत होता. ओमनं कान दाबले, किंचाळला, हात चावला. माझा हात सवयीनं त्याच्याकडं गेला. सुनीतानं तो धरला.

डॉक्टरांनी विचारलं, "मागच्या वेळी तर शांत होता?"

सुनीता परक्यासमोर कधी बोलत नाही, तीच बोलली. "साहेब, मागच्या बारीला आमी त्याला पाहुण्यांपुढं आणावं तसं आणलं होतं. घरी असाच राहतो त्यो."

डॉक्टरांनी मोबाइलवरचं सगळं बघितलं आणि मग चाळीसच्या वर लिहिलं.

संशय सोडा असं मी कुणाला सांगणार नाही. एजंटाबद्दल माझा बरोबरच होता, बाकीच्यांबद्दल चुकला. पण लेकराला तपासणीला नेताना जसं आहे तसं न्या.

ओमचं प्रमाणपत्र झालं. तो गावच्या शाळेत पहिलीत बसतो, विशेष शिक्षिका त्याच्यासाठी येतात. अनुदान सुरू झालं आहे आणि मधे कुणालाही काही द्यावं लागलं नाही.