पाठीवरचा कॅन

मस्कतजवळच्या एका समुद्रकिनारी रिसॉर्टमध्ये, शुक्रवारी नाश्ता झाल्यावर, माझ्या थोरल्या भावाने माझ्या पाठीला पाण्याचा रिकामा प्लास्टिक कॅन बांधला. बांधायला स्वतःच्या डोक्याचा रुमाल सोडला. मी तेव्हा चाळिशी ओलांडली होती.

आम्ही वडवणी तालुक्यातल्या खेड्यातले. तिथे पोहणे विहिरीत शिकतात आणि शिकणाऱ्याच्या पाठीला डबा बांधतात. माझा डबा सोसायटीच्या दुकानातल्या गोडेतेलाचा होता. डबा कधी सोडायचा ते शिकवणारा ठरवतो. भावाने पोळ्याचा दिवस ठरवला होता. त्या वर्षी पाऊस झाला नाही. विहिरीचा तळ दिसला आणि टँकर तिच्यातच रिकामा होऊ लागला. गावाच्या पिण्याच्या पाण्यात उतरणे शक्य नव्हते. विहीर पुन्हा भरली तेव्हा मी शिकायला बीडला गेले होते. डबा सुटायचा राहून गेला. एकदा डब्याशिवाय पोहायचे, ही इच्छा मात्र राहिली.

भाऊ पहिल्यांदाच आमच्याकडे परदेशात आला होता. सुट्टीत आम्ही त्याला समुद्र दाखवायला नेले. त्याने आधी समुद्राकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"लई पाणी हाय. चल, तुझं राहिलेलं उरकून टाकू."

किनाऱ्यावरच्या जीवरक्षकाने शिटी मारली. त्याने लाइफ जॅकेट पुढे केले. भावाने ते दाबून पाहिले.

"ह्याच्यात काय भरलंय कुणाला ठावं! आपला डबा बरा."

जीवरक्षकाने खुणेने समजावले: जॅकेट घाला, नाहीतर कमरेएवढ्या पाण्यातच थांबा. कॅन कुठेच चालणार नाही.

भावाने लगेच गाठ सोडली. "हुकूमच हाय बाई. आज पोळा समज."

मला हसू फुटले, ते आवरेना. हसताना पोहता येणार नाही, असे मी त्याला सांगितले.

"मग आदी हसून घे. समुद्र कुटं पळून चाललाय?"

"आणि दादा, बुडाले तर?"

"एवढा नाष्टा हाणलायस, बुडायला जागा तरी पुरंल का इथं? दाजी, तुमी फिलिम काढा."

दाजी म्हणजे माझा नवरा. तो मोबाइल घेऊन वाळूवर बसला, शेजारी कॅन. भाऊ पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला. मी तेवढ्याच पाण्यात त्याच्यापासून लांब गेले; तिथून त्याच्यापर्यंत पोहत यायचे होते.

पहिल्यांदा दोन हात मारले आणि उभी राहिले. दुसऱ्यांदा नाकातोंडात खारे पाणी गेले. भाऊ हसला, मीही हसले, पुन्हा पाणी गेले. तिसऱ्यांदा पाय खाली टेकवले नाहीत. हात कशाला तरी लागला. तो भावाचा सदरा होता.

व्हिडिओ नवऱ्याच्या मोबाइलमध्ये आहे. त्यात वाळू, रिकामा कॅन आणि नवऱ्याचा अंगठा दिसतो. मागून भावाचा आवाज येतो: "आली! आली! दाजी, डब्याबिगर आली!"