बऱ्या दिसणाऱ्या पेशी

घरत सर गेल्याचं मला तिसऱ्या तासाला कळलं. मी फळ्यावर बेडकाचं हृदय काढत होते. कॉलेजचे शिपाई दारात येऊन उभे राहिले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, घरतवहिनींचा मुंबईहून फोन होता. सर... सकाळीच." मला सर्वांत आधी काय आठवलं असेल, तर प्रयोगशाळेतल्या नळ्या. आज त्यांना ताजं पाणी दिलं की नाही? मग स्वतःचीच लाज वाटली. याला आता सहा आठवडे होतील.

अनंत घरत आमच्या पनवेलच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. मी अठ्ठ्याऐंशीत रुजू झाले, तेव्हा ते तिथले जुने होते. गाव चिरनेरच्या अलीकडे, वडिलांचा जन्म मिठागरात गेलेला. वर्गात त्यांची भाषा पुस्तकी, पण म्हातारी आई दारात दिसली की, "आय, तू बस गो, घाई नाय," असं सहज तोंडातून यायचं. शिकवणं संपलं की ते मागच्या खोलीत जात. तिथे भाताचा पेंढा उकळून गाळलेल्या पाण्यात, काचेच्या नळ्यांमध्ये त्यांचे पॅरामेशियम वाढत असत. डोळ्यांना जेमतेम पांढऱ्या ठिपक्याएवढा दिसणारा, अंगभर केसांची लव असलेला, एकाच पेशीचा जीव. त्या एका पेशीत केंद्रकं दोन. मोठं केंद्रक रोजचा संसार चालवतं, आणि त्याच्या कुशीत चिकटून बसलेलं लघुकेंद्रक पुढच्या पिढीसाठी राखून ठेवलेलं, असं आम्ही पुस्तकात शिकलो होतो. सरांना ते पटत नव्हतं. लघुकेंद्रक रोजच्या वाढीतही काहीतरी करत असणार, हे त्यांच्या मनानं घेतलं होतं.

म्हणून ते लघुकेंद्रक काढून टाकत. स्पिरिटच्या दिव्यावर काच ओढून केसाहून बारीक नळी करायची, पेशीला टोचायची आणि तेवढंच ओढून घ्यायचं. बहुतेक पेशी फुटून जात. एखादी वाचली, की तिच्यापासून पुढचा वंश वाढवायचा. असा एक वंश त्यांनी मला दाखवला होता. पेशी रोडावलेल्या होत्या, सावकाश विभागत होत्या आणि तोंडाची खाच वाकडीतिकडी. "घास गिळता येत नाही त्यांना," सर म्हणाले. काही आठवड्यांनी त्यांनी मला पुन्हा बोलावलं. त्याच वंशाच्या पेशी आता गुटगुटीत होऊन भराभर पोहत होत्या. मी म्हटलं, "अरे वा, सुधारल्या की!" ते हसले नाहीत. "सुधारल्या नाहीत, बाई. बऱ्या दिसतायत. दोन पेशींची जोडी जमली की जुनं मोठं केंद्रक विरून जातं आणि नवं घडतं ते लघुकेंद्रकातूनच. यांच्याकडे ते नाहीच. नुसत्या विभागत राहतील, म्हाताऱ्या होतील आणि एक दिवस थांबतील. वरून कळणार नाही. मला भीती वाटते ती याचीच."

यावरचा त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध टाइप होत आला, तेव्हा तो प्रकार झाला. तुलनेसाठी ठेवलेला धडधाकट वंश त्यांनी केंद्रकं दिसावीत म्हणून सहजच पुन्हा रंगवून पाहिला. एकाही पेशीत लघुकेंद्रक नव्हतं. केव्हा नाहीसं झालं, कसं, काही कळायला मार्ग नव्हता. म्हणजे कित्येक महिने ते एका अधुऱ्या वंशाची तुलना दुसऱ्या अधुऱ्या वंशाशी करत होते. मार्गदर्शक त्यांना म्हणाले, "घरत, कोण रंगवून बघणार आहे?" सर म्हणाले, "मी बघितलंय ना." आणि प्रबंध मागे घेतला. हे त्यांनी मला चहा पिताना सांगितलं, एखाद्या परक्या माणसाबद्दल सांगावं तसं.

नवा वंश आणायला आम्ही त्यांच्या गावच्या तळ्यावर गेलो. पहिला वंशही तिथलाच होता. अर्ध्या तळ्यात मुरमाचा भराव पडला होता आणि उरलेल्या अर्ध्यासाठी डंपर रांगेत उभे होते. सर पाण्यात उतरले, बाटली भरली, आणि वर येता येता पोट दाबून बांधावर खाली बसले. चेहरा राखेसारखा झाला होता. "कधीपासून?" मी विचारलं. "झाले दोन-तीन महिने. तुमच्या वहिनींना सांगू नका."

बाटलीतल्या पेशींत लघुकेंद्रक होतं. त्या दिवशी त्यांनी साऱ्या स्टाफरूमला पेढे वाटले. डॉक्टरांनी मुंबईला जाऊन तपासून घ्यायला सांगितलं होतं. "वंश स्थिरावू दे, मग जातो," म्हणून त्यांनी चार महिने काढले. मध्ये एक महिना दुखणंच नाहीसं झालं. जेवण वाढलं, गालावर मांस आलं. मी आनंदानं तसं म्हटलं, तर "बरा दिसतोय," एवढंच म्हणून ते नळ्यांकडे वळले.

नंतर ते मुंबईला दवाखान्यात गेले आणि नळ्या माझ्याकडे आल्या. दुसऱ्या आठवड्यात पेशींची वाढ मंदावली. काहींची तोंडं मला वाकडी वाटली. मग हळूहळू त्या पुन्हा जोमानं वाढू लागल्या आणि मला सरांचा तो बरा दिसणारा वंश आठवला. मी एकेका पेशीपासून नव्या नळ्या सुरू केल्या होत्या. त्यात माझ्याच हातून नेमकी अधुरी पेशी उचलली गेली का, कुणास ठाऊक. दवाखान्यात गेले ते सगळं सांगायचं ठरवूनच. सरांनी मध्येच विचारलं, "आधी मंदावल्या आणि मग सावरल्या?" मी मान हलवली. "रंगवू नका, बाई. मी असेपर्यंत नको."

त्यांच्या बाराव्यानंतर मी एकटीनं दार लावून पेशी रंगवल्या. मोठं केंद्रक कार्मिनच्या रंगानं लालभडक झालेलं. त्याच्या कुशीत काही नव्हतं. दुसऱ्या नळीतही नाही, तिसरीतही... तळं तोवर सपाट होऊन तिथे पत्र्याचं कुंपण पडलं होतं.

गेल्या रविवारी सरांच्या आईला भेटायला गावी गेले. म्हातारी ओट्यावर बसली होती. तिनं माझा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. "पोर तिकरं दवाखान्यात, पन बोलायचा तां त्या नळ्यांचा. त्याचे ते जीव जिते हायेत नं गो?"

"आहेत, आय."

"वाढतात?"

"रोज वाढतात," मी म्हटलं. यातलं काहीच खोटं नव्हतं. म्हातारीनं डोळे पुसले, आत सुनेला हाक मारून माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला, आणि मग कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलेल्या माणसासारखी भिंतीला टेकून बसली.